वृत्तछायाचित्र आणि त्याखालची ओळ

जून २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी दिसू लागले. टाळेबंदीचे ते दिवस. पर्यटक येण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु स्थानिक रहिवाशांनी आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी विवराच्या काठावरून टिपलेली छायाचित्रे अल्पावधीतच देशभर, आणि पाठोपाठ परदेशांतील वृत्तपत्रांतही प्रसिद्ध झाली. एरवी हिरवट दिसणाऱ्या या खाऱ्या पाण्याचा रंग का पालटला, याविषयी तर्कवितर्क सुरू झाले. सरोवराच्या जतनासंबंधीची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे होतीच. तिच्या सुनावणीत या बदलाची दखल घेण्यात आली व पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठविण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने हा रंग अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचा निष्कर्ष दिला. पाणी आटून क्षारता वाढली, की या जीवांची वाढ झपाट्याने होते.

या प्रकरणात एक प्रश्न वारंवार विचारला गेला. पूर्वी कधी असे झाले होते काय? वास्तविक लोणारची छायाचित्रे थोडीथोडकी नाहीत. दैत्यसूदनाचे मंदिर पाहावयास आलेल्या प्रत्येक सहलीने एकदा तरी काठावर उभे राहून छायाचित्र काढून घेतलेले असते. परंतु त्यांतील बहुतेकांवर तारीख नाही. आणि जुनी छायाचित्रे कृष्णधवल असल्याने रंगाच्या प्रश्नास ती उत्तरच देऊ शकत नाहीत. याउलट अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाने २५ मे आणि १० जून २०२० रोजी घेतलेली दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवताच बदल कोणत्या पंधरवड्यात झाला हे कोणाही वाचकास कळते. उपग्रहाचे चित्र काही अधिक सुंदर नव्हते. त्यास दिनांक चिकटलेला होता, एवढेच.

वृत्तछायाचित्रास राष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाची नोंद म्हटले जाते. ते योग्यच आहे. मात्र ही नोंद केवळ चित्राने पुरी होत नाही. कोण, कोठे, केव्हा आणि कोणी टिपले हे सांगणारी एक ओळ चित्राखाली लागते. वृत्तपत्रांच्या कचेरीत तिला फोटोओळ म्हणतात. ती हरवली, की चित्र उरते आणि साक्ष जाते.

छापले न जाणारे छायाचित्र

बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर येथील एका मोठ्या सार्वजनिक समारंभाची तारीख १८७० सालची आहे. त्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले. वऱ्हाडातील कापसाची ही मोठी बाजारपेठ जलंब येथे मुख्य लोहमार्गास जोडणाऱ्या सुमारे १३ किलोमीटरच्या फाट्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज होती आणि त्यासाठीच ही लगबग होती. छायाचित्रणाची विद्या तेव्हा भारतास नवी राहिली नव्हती. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती. तरीही त्या काळी वृत्तपत्रास छायाचित्र जसेच्या तसे छापता येत नसे. चित्रकार त्यावरून रेखाटन करी, कोरक्या ते लाकडी ठशावर कोरी आणि मग ते छापले जाई. या दोन हातांतून जाताना गर्दी दाट होई, साहेबाची उंची वाढे आणि बैलगाड्या नीटनेटक्या रांगेत उभ्या राहत.

हा अडथळा हाफटोन ठशाने दूर केला. छायाचित्र बारीक जाळीतून पुन्हा टिपावयाचे, त्यातील छटांचे लहानमोठे ठिपके बनवावयाचे आणि तो ठिपक्यांचा नमुना आम्लाच्या साह्याने धातूच्या पत्र्यावर उतरवावयाचा, अशी ही कृती. न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाने ४ मार्च १८८० रोजी या पद्धतीने छापलेले चित्र वृत्तपत्रसृष्टीतील आरंभीचे मानले जाते. मराठीत पुण्याच्या चित्रशाळेने १९१० साली ‘चित्रमय जगत्’ हे मासिक सुरू केले आणि ज्या घरांत दैनिकाचा कागदही क्वचित येई, तेथे देशोदेशीची माणसे व घटना चित्ररूपाने पोहोचू लागल्या. पुढाऱ्याचा चेहरा खेड्यातील माणसाने ओळखावा ही गोष्ट आज साधी वाटते. ती या ठिपक्यांमुळे शक्य झाली आहे.

भिंतीवरील खुणा

मराठी छायाचित्रकारांपैकी ज्यांचे नाव या संदर्भात प्रथम घ्यावयास हवे, ते म्हणजे नारायण विनायक विरकर. मुंबईत व्यवसाय करणाऱ्या विरकरांनी स्वातंत्र्य चळवळीतील नेत्यांची व प्रसंगांची छायाचित्रे टिपली. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने नि:शस्त्र जमावावर गोळीबार केला. त्यानंतर पंजाबात लष्करी कायदा लागू झाला आणि बातम्यांवर कडक नियंत्रण आले. प्रत्यक्ष हत्याकांडाचे छायाचित्र कोणाकडेही नाही. असणे शक्यही नव्हते. विरकर त्या वर्षी पुढे तेथे गेले आणि त्यांनी बागेच्या विटांच्या भिंती टिपल्या. गोळ्यांनी पडलेली भोके आणि ती दाखविणारी माणसे, एवढाच त्या चित्रांचा विषय आहे. त्यांत रक्त नाही, प्रेत नाही, पुढारीही नाही. परंतु गोळ्या किती उंचीवर लागल्या, भिंत कोणती, माणूस तिच्यापुढे उभा राहिला तर भोक त्याच्या छातीशी येते की डोक्याशी, हे त्यांवरून मोजता येते. घटनेनंतर पोहोचलेला छायाचित्रकारही इतिहासास केवढे देऊ शकतो, याचे यासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

विरकरांच्या पुढच्या पिढीत होमाई व्यारावाला यांचे कार्य आहे. १९१३ साली नवसारी येथे जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या या पारशी महिलेने भारतातील पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून लौकिक मिळविला. त्यांच्या आरंभीच्या कामाविषयीची एक बाब मात्र विसरता येत नाही. मुंबईच्या नियतकालिकांत त्यांची काही छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत, कारण तरुण स्त्रीचे नाव या व्यवसायात कोणास ठाऊक नव्हते. चित्र खरे होते. खालची ओळ तेवढी खरी नव्हती.

१९४२ मध्ये त्या दिल्लीस गेल्या. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर हात वर करून मत देणारे काँग्रेसचे प्रतिनिधी, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, पुढील वर्षी गांधीजींची अंत्ययात्रा आणि माउंटबॅटन यांचा निरोप हे सारे त्यांच्या कॅमेऱ्यात आले. यांतील पहिल्या छायाचित्राकडे अधिक वेळ पाहावे. देशाचा नकाशा बदलविणारा निर्णय तेथे होत आहे आणि चित्रात दिसतात ते केवळ वर झालेले हात. कोणी ताठ हात वर केला आहे, कोणाचा कोपर वाकलेला आहे. ठरावाच्या मजकुरात हे सापडावयाचे नाही. साडी नेसून, जड स्पीड ग्राफिक कॅमेरा खांद्याशी घेऊन पुरुषांच्या गर्दीत काम करणाऱ्या या बाईंनी १९७० मध्ये व्यवसाय सोडला तो कायमचाच. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण प्राप्त झाले आणि पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे सुरक्षित राहिला, म्हणून आज त्याविषयी एवढे बोलता येते.

सर्वांच्याच बाबतीत असे घडले नाही. दिल्लीचे कुलवंत रॉय यांनीही त्याच काळातील नेते व प्रसंग टिपले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते जगप्रवासास निघाले आणि वाटेत काढलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह टपालाने स्वत:च्या पत्त्यावर पाठवीत राहिले. परत आल्यावर कळले, की ती पाकिटे पोहोचलीच नाहीत. त्यांचा शोध पुढे पुष्कळ दिवस चालला. हाती काही लागले नाही. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा उरलेला संग्रह पेट्यांत भरून आदित्य आर्य या तरुण छायाचित्रकाराकडे आला. त्या पेट्याही दोन दशकांहून अधिक काळ बंदच राहिल्या. २००० नंतरच्या दशकात त्या उघडून हजारो निगेटिव्हची छाननी झाली, तेव्हा कोठे रॉय यांचे नाव पुन्हा लोकांसमोर आले.

चौकटीच्या कडा

शासकीय छायाचित्रांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. शासनाच्या माहिती खात्यांनी स्वातंत्र्योत्तर काळात धरणे, शाळा, दवाखाने, सहकारी संस्था यांच्या उभारणीची प्रचंड चित्रनोंद केली आहे. तथापि या नोंदीत फीत कापणारे हात फार आणि त्या इमारतीत पुढे काम करणारे हात थोडे, हेही खरे आहे. हार घालून घेणाऱ्या पाहुण्याच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्यांची नावे ओळीत येतात. मागे उभ्या असलेल्यांची येत नाहीत.

असे असले तरी या चित्रांना कमी लेखू नये. छायाचित्रकाराने जे टिपावयाचे ठरविले त्याहून किती तरी अधिक त्याच्या चौकटीत येत असते. पाहुण्याला मध्यभागी ठेवून काढलेल्या चित्राच्या कडेला गावाची भिंत येते, तिच्यावर रंगविलेली घोषणा येते, सभेस बसलेल्यांच्या टोप्या आणि पागोटी येतात, बायका कोठे बसल्या आहेत आणि किती आहेत तेही येते. वीस वर्षांच्या अंतराने त्याच मैदानावरील दोन सभांची छायाचित्रे पुढ्यात ठेवली, तर टोप्या कमी होऊन उघडी डोकी वाढलेली, पायांत चपला आलेल्या आणि बैलगाड्यांच्या जागी मोटारसायकली उभ्या असलेल्या दिसतील. भाषण काय झाले हे वृत्तान्तात वाचावे. गाव कसे बदलले हे कडेला पाहावे. सिंदखेड राजा येथे दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मदिनी लोटणाऱ्या गर्दीची छायाचित्रे या दृष्टीने कोणी वर्षवार लावली, तर लखुजी जाधवांच्या वाड्याच्या दगडी प्रवेशद्वाराच्या पार्श्वभूमीवर वऱ्हाडातील पोशाखाचा, वाहनांचा आणि स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा एक अखंड पट तयार होईल.

१९७२-७३ च्या दुष्काळाची छायाचित्रे तर महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. त्या वेळच्या चित्रांतील खडी फोडणाऱ्यांच्या लांबच लांब रांगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु त्यांत निरखून पाहिले, की हातोडी धरलेल्या स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरते. कामाच्या ठिकाणी झोळीत बांधलेली मुले दिसतात. रोजगार हमी योजनेच्या कायद्याने, जो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, काम मागण्याचा हक्क स्त्री-पुरुषांना सारखाच दिला. तो हक्क कागदावर येण्यापूर्वी ही माणसे अशा चौकटीत आलेली होती. दुर्दैव एवढेच, की त्यांतील बहुसंख्य चित्रांखाली ‘दुष्काळी कामावरील मजूर’ यापलीकडे काही लिहिलेले नसते. गाव नाही, तालुका नाही, महिना नाही.

दु:ख टिपताना

दुष्काळाचे चित्र काढणे आणि दुष्काळग्रस्ताचे चित्र काढणे यांतील अंतर फार जुने आहे. १८७६ ते १८७८ या वर्षांतील मद्रास इलाख्याच्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना एकत्र बसवून छायाचित्रे घेतली. ती पाहून इंग्लंडमधील लोक हादरले; पण चित्र काढून झाल्यावर त्या माणसांना काय मिळाले, असा प्रश्नही तेव्हाच विचारला गेला. छायाचित्रकाराची पाठ त्या प्रश्नाने अद्याप सोडलेली नाही.

भोपाळचे उदाहरण याहून निराळे आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायूने हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत पुरल्या जाणाऱ्या, डोळे उघडे राहिलेल्या एका लहान मुलाचे छायाचित्र रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही घेतले व ते जगभर त्या दुर्घटनेची खूण बनले. पण ते मूल कोणाचे, याचा पत्ता लागला नाही. येथे ओळीतील नावाची जागा रिकामी राहिली, ती कोणाच्या आळसामुळे नव्हे. त्या रात्रीनंतर ओळख पटविणारे कोणी उरले नसावे. अशी रिकामी जागाही एक नोंदच आहे, मात्र ‘अज्ञात बालक’ एवढे तरी प्रामाणिकपणे लिहिलेले असले पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्यास हा प्रश्न परका नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी २००६ मध्ये ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत हा जिल्हा होता. त्या काळापासून वृत्तपत्रांत एक ठराविक चित्र रूढ झाले. घराच्या उंबऱ्यात बसलेली विधवा आणि तिच्या हातात पतीची तसबीर. प्रथम जेव्हा असे चित्र छापले गेले, तेव्हा त्याने आकडेवारीस चेहरा दिला, हे निर्विवाद आहे. परंतु तीच बैठक, तीच तसबीर, तोच उंबरा पुन:पुन्हा येऊ लागला तशी वाचकाची नजर त्यावरून घसरू लागली. कर्जाचा कागद, पेरणी मोडून पुन्हा केलेले शेत, बाजार समितीत भाव पुकारला जाताना शेतकऱ्याचा चेहरा, तालुक्याच्या बँकेपुढील रांग ही या शोकांतिकेची आधीची चित्रे आहेत आणि ती फार थोड्यांनी काढली. ती काढण्यास बातमी घडण्यापूर्वी गावात जावे लागते.

१ जुलै २०२३ रोजी पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजानजीक खासगी प्रवासी बसला आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला. जळालेल्या बसचा सांगाडा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत सर्वत्र होता, आणि तो असावयासच हवा होता. रस्त्याची रचना, वाहनाची दारे, चालकांची झोप यांविषयीची चर्चा त्या सांगाड्यावाचून एवढ्या निकडीने झाली नसती. परंतु मृतदेहांची व आक्रोश करणाऱ्या नातलगांची समीप चित्रे ही गोष्ट वेगळी. त्यांतून रस्त्याविषयी काहीही कळत नाही. हातोहाती भ्रमणध्वनी असल्यामुळे अशा ठिकाणी छायाचित्रकारच पहिला पोहोचेल असे आता राहिलेले नाही. म्हणून काय छापावयाचे नाही हे ठरविणाऱ्या संपादकाचे काम उलट वाढले आहे.

जिल्ह्यातील पेट्या

फिल्मच्या काळात जिल्ह्याच्या ठिकाणचा बातमीदार फोटोचा रोळ किंवा ओली प्रत पाकिटात घालून एस. टी. च्या चालक-वाहकाच्या हवाली करी आणि ते पाकीट रात्री अकोल्यास वा नागपुरास पोहोचे. पाकिटावर घटनेच्या चार ओळी खरडलेल्या असत. ठसा तयार झाला, बातमी छापली, की पाकीट टोपलीत जाई. चित्र आणि ओळ यांची ताटातूट होण्याची ही पहिली जागा. निगेटिव्ह परत आलीच, तर ती तालुक्याच्या स्टुडिओत लग्नाच्या व पासपोर्टच्या निगेटिव्हसोबत पडून राही. स्टुडिओ पुढच्या पिढीकडे गेला किंवा दुकान विकले गेले, की पेट्या माळ्यावर आणि मग रद्दीत.

संगणकीय छायाचित्रणाने ही अडचण संपेल असे वाटले होते. कॅमेरा आता प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ आणि पुष्कळदा ठिकाणही आपोआप नोंदवितो. परंतु तेच चित्र संदेशवहनाच्या सोयींतून एका हातातून दुसऱ्या हातात गेले, की ही नोंद बहुधा गळून पडते. मग पाच वर्षांपूर्वीचा दुसऱ्या राज्यातील पूर कालचा नांदुऱ्याचा पूर म्हणून फिरू लागतो आणि तहसील कार्यालयास खुलासे काढावे लागतात. यंत्र निकामी झाले तर सारा संग्रह एका क्षणात जातो. काचेची निगेटिव्ह फुटली, तरी तिचे तुकडे जोडता येत.

उपाय खर्चाचे नाहीत. छापील प्रतीच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने दिनांक, गाव, प्रसंग, दिसणाऱ्यांची डावीकडून उजवीकडे नावे आणि छायाचित्रकाराचे नाव लिहावे. शाई वापरू नये, ती कालांतराने पुढील बाजूस उमटते. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंबण्याऐवजी आम्लविरहित कागदी पाकिटांत, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवाव्यात. संगणकीय चित्राच्या नावातच तारीख व गाव घालावे आणि मूळ फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपावी. वाचनालये, महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि माहिती कार्यालये यांनी बंद पडत चाललेल्या स्टुडिओंच्या मालकांकडे वेळीच चौकशी करावी. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर येथील जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर काय आहे, हे पेट्या उघडल्याखेरीज कळणार नाही.

चित्रे मिळाली, तरी नावे मिळणे हे खरे कठीण काम आहे, आणि त्याला मुदत आहे. गावच्या पारावर जुनी छायाचित्रे मांडून वयस्क माणसांना बोलते करावे लागेल. सभेच्या दुसऱ्या रांगेत बसलेला कोण, विहिरीच्या कामावर टोपली उचलणारी कोण, हे केवळ तीच सांगू शकतील. १९७२ च्या दुष्काळात विशीत असताना खडी फोडणारी माणसे आज पंचाहत्तरीच्या घरात किंवा तिच्या पुढे आहेत.